अंगठ्याएवढी अक्षरे

"हं, वाच आता." नरहरींनी आपली खुर्ची मागे घेतली.

विजयाबाई संगणकाच्या पडद्याकडे झुकल्या. अक्षरे आज अंगठ्याएवढी होती. "अहो, ही अक्षरं म्हणायची की दुकानाची पाटी?" त्या हसल्या आणि वाचू लागल्या.

बोईसरच्या कारखान्यात मापनयंत्रे सांभाळून निवृत्त झालेल्या नरहरींनी हा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. पत्नीची दृष्टी वर्षभर ओसरत होती. पालघरचे डॉक्टर म्हणाले होते, "औषध नाही. मोठी अक्षरं दिसतात तोवर वाचू द्या." केळव्याच्या माहेरावर विजयाबाईंनी पूर्वी लिहिलेला लेख मग नरहरींनी संगणकात उतरवला. दर रविवारी ते अक्षरांचे माप वाढवीत. दर रविवारी त्या वाचीत. त्या वाचनावरच नरहरींचा आठवडा निघे.

आजही त्या अडखळल्या नाहीत. माऊसने पान वर सरकवीत त्या सुपारीच्या वाडीतून रहाटापाशी आल्या आणि तिथून शेवटाला पोहोचल्या. "निघताना माईने माझ्या ओटीत वाडीतलीच सुपारी घातली. ती मी अजून फोडलेली नाही. संपलं."

नरहरींचा जीव भांड्यात पडला. चष्मा सावरून ते पुढे झाले. पडद्यावर मात्र पान रहाटापाशीच अडले होते. त्यांनी कडेची पट्टी खाली ओढली. ती आधीच तळाला टेकली होती.

चूक त्यांच्या तत्काळ ध्यानात आली. अक्षरे वाढवली, पण ज्या पानावर ती बसतात त्याची उंची वाढवायची राहिली. आजवर तळाशी सोडलेली कोरी जागा पुरत होती. आज ती संपली. शेवटच्या चार ओळी पानाबाहेर कापल्या गेल्या होत्या. कितीही सरकवले तरी त्या दिसणे शक्य नव्हते.

"अगं, माझंच चुकलं, पानाची..." नरहरी बोलता बोलता थांबले.

पान अडल्याचे विजयाबाईंना कळलेच नव्हते. त्यांचा हात अजून माऊस फिरवीत होता.

"काय चुकलं?"

"काही नाही." नरहरींनी आवाज सावरला. "पुढच्या रविवारी आणखी मोठी करू या?"

"नको हो," पडद्याच्या किंचित डावीकडे पाहत त्या म्हणाल्या. "एवढी स्वच्छ दिसतात. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत."