अनोळखी माणसाशी राजकारण

लेकीचे सासरे इटालियनच बोलायचे. पहिल्या भेटीसाठी सलूनवाल्या काकांनी इटालियन शिकायच्या पुस्तकातला फक्त राजकारणाचा धडा पाठ केला. "अहो, नमस्कार-चमत्कार तरी शिका," काकू म्हणाल्या. "हवापाण्यावर गिऱ्हाईक दोन मिनिटं बोलतं, राजकारणावर दाढी होईपर्यंत," काका म्हणाले. भेट झाली ती जावयाच्या अंत्यविधीच्या सकाळी. लेक औषध घेऊन झोपलेली. भाषांतराला तिला कोण उठवणार? व्याह्यांची चार दिवसांची दाढी वाढलेली. काकांनी त्यांना फेस लावला, वस्तरा उघडला आणि हाताबरोबर सवयीने तोंडही चाललं, धड्यातलं पहिलं वाक्य: "यंदा कोणाला मत दिलंत?" व्याही बोलू लागले, ते बोलतच राहिले. काकांना त्यातलं जावयाचं नाव तेवढं कळत होतं. फेसातून पाण्याचे ओघळ उतरले. काकांनी वस्तरा मिटला, खांद्यावर हात ठेवला आणि धड्यातलं दुसरं वाक्य एकेक शब्द जुळवत म्हटलं, "मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे."