भिंतीवरच्या तीन रेघा

"सहा वर्षांत या भिंतीवर एक डाग नाही," सोसायटीचे सेक्रेटरी अभिमानानं म्हणाले. "बागेत खेळायला बंदी. एकदम शांत, फॅमिली सोसायटी!"

सोलापूरहून बदली होऊन आलेल्या हर्षलानं दोन्ही लेकींचे हात घट्ट धरले. आजवर पाहिलेल्या पाचही सोसायट्या अशाच शांत होत्या. तिनं विचारलं, "इथं मुलं किती?"

"चाळीसेक. पण त्रास अजिबात नाही."

तिनं वर पाहिलं. खिडक्यांच्या गजांना चिमुकली तोंडं चिकटली होती. तिचं टाळकं सटकलं. वाफ्याजवळचा विटेचा तुकडा उचलून तिनं पांढऱ्याशुभ्र भिंतीवर तीन उभ्या रेघा ओढल्या.

"अहो मॅडम, हे काय?"

"स्टंप. घर पसंत आहे आम्हाला." मान वर करून तिनं हाळी दिली, "पहिली बॅटिंग कुणाची?"

चारही मजल्यांवरून एकदम आवाज आला, "माझी!"