चेन गेली म्हणायचं

"खोटं एकदाच बोलायचं आहे," हे प्रसेनजितनं फुलचंद मेकॅनिकला तीनदा सांगितलं. "उद्या मी बाबाले गाडी घेऊन आणतो. टायमिंग चेन गेली म्हणायचं. खर्च गाडीच्या किमतीएवढा येते म्हणायचं. बस."

फुलचंद बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला. "सर, ग्यानबाकाकाले मी खोटं सांगू? त्याईनंच तं मले हे दुकान टाकाले लावलं."

"त्यांच्या भल्यासाठीच आहे रे."

प्रसेनजित वाशिमला शिक्षक होता. आसेगावात एकटे राहणारे त्याचे बाबा, ग्यानबा, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, वय बहात्तर. पंधरा वर्षांची जुनी डिझेल गाडी हाच त्यांचा संसार. गावात कुणाचा पाय मोडो, कुणाला ताप चढो, दारावर थाप पडायची आणि बाबा चावी घेऊन निघायचे. गाडी आहे तोवर ते वाशिमला राहायला येणार नाहीत, हे उघड होतं. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं तर सगळ्या गावानं आपल्या बापाला फुकट राबवावं, याचा प्रसेनजितला राग होता. तो राग त्यानं काळजीच्या नावाखाली खपवला होता, आणि हे त्याचं त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरच्या दुकानात फुलचंदनं कमाल केली. लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. चेहरा पडला. मग त्यानं वरचं झाकण खोललं, आत बोटं घातली आणि एक काळा, तुटका प्लास्टिकचा तुकडा बाबांच्या तळहातावर ठेवला.

"चेनीची पट्टी तुटली, काका. चेन ढिली पडली. आता ते कवाबी तुटू शकते. अन् चालत्या गाडीत तुटली का इंजिन जाग्यावर जाम. हळूहळू घरी न्या, उभी करा. मंग चाबी लावूच नका."

"नवी टाकाले काय लागन?" बाबांनी विचारलं.

फुलचंदनं प्रसेनजितकडे पाहिलं. "लय खर्च हाय काका. गाडीच्या किमतीएवढा."

त्याचा आवाज चक्क कापत होता. आपल्या तालुक्यात एवढा कसलेला नट आहे, याचा प्रसेनजितला पत्ताच नव्हता. भंगाराच्या डब्यातून तुकडासुद्धा हुडकून ठेवला पठ्ठ्यानं!

बाबांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. एरवी एकेका बोल्टवरून हुज्जत घालणारा माणूस. पण "तू म्हणतं तं खरंच असन," एवढंच बोलले आणि तुकडा खिशात टाकला. प्रसेनजितला त्यांच्याकडे बघवेना.

त्या संध्याकाळी फुलचंदचा फोन आला. दुसऱ्या दिवशी आणखी दोनदा. प्रसेनजितनं उचलला नाही. आपल्याच पापाची उजळणी कशाला करायची?

अकरा दिवसांनी, रविवारी दुपारी, तो मोटरसायकलनं आसेगावला गेला. गाडी ताडपत्रीखाली होती. बाबा ओट्यावर बसले होते. अकरा दिवसांत ते म्हातारे दिसायला लागले होते.

"आजकाल कोणी येत नाई," ते म्हणाले आणि उगाच हसले.

तेवढ्यात शेजारच्या रंगूबाई धापा टाकत आल्या. "ग्यानबाभाऊ, आमच्या सुनेले, निकिताले कळा सुरू झाल्या! अँबुलन्स दूर गेली, याले एक तास लागते म्हणते. गाडी बिघडली हे मालूम हाय, पन काही करा!"

बाबांनी ताडपत्रीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "गाडी बंद हाय, रंगूबाई."

आजवर त्या दारातून कुणी नकार घेऊन गेलं नव्हतं. प्रसेनजितला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, गाडी बंद नाई. चेन चांगली आहे. मीच फुलचंदले खोटं बोलाले लावलं होतं."

बाबा उठले, आत जाऊन चावी घेऊन आले. एक सणसणीत शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

"मंग उभा काहून राह्यला? ताडपत्री काढ."

इंजिन खडखडत सुरू झालं. अकरा दिवस उभी असलेली गाडी कुरकुरणारच. निकिताला मागच्या सीटवर आडवं केलं, तिचं डोकं रंगूबाईंच्या मांडीवर, पुढे बबनराव, तिचे सासरे. बाबा ताठ बसले होते, पुन्हा पहिल्यासारखे. गाडी मंगरूळपीरच्या रस्त्याला लागली आणि त्यांनी ती जोरात दामटली.

प्रसेनजित ओट्यावर टेकला. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं. फोन वाजला. फुलचंद. या वेळी त्यानं आनंदानं उचलला.

"फुलचंद, बाबाले सगळं खरं सांगून टाकलं. तूही सुटला. आत्ताच गेले ते गाडी घेऊन, डिलिव्हरीची बाई आहे सोबत."

पलीकडचा हातोडीचा आवाज थांबला.

"सर, काकाले फोन लावा. आत्ताच्या आत्ता."

प्रसेनजितनं आत पाहिलं. बाबांचा मोबाइल फळीवर चार्जिंगला होता. गाडी चालवताना फोन जवळ ठेवायचा नाही, हा त्यांचा नोकरीपासूनचा नेम.

"काहून? काय झालं?"

"मी कवापासून तेच सांगाले फोन लावून राह्यलो. मले खोटं बोलाचं कामच नाई पडलं सर. तो तुकडा तुमच्याच गाडीतला होता."