सातवं रीळ

"जड आहे," दुकानदार म्हणाला. धडधडीत खोटं बोलला आणि कानापर्यंत लाल झाला.

काउंटरपलीकडे बाई उभ्या होत्या. त्यांची सहा फुटी, नदीत मासे धरायची हलकी गळकाठी त्याच्या बोटावर आडवी टेकलेली होती. काठीला आज दोरा गुंडाळायचं चौथं रीळ लावलं होतं. हलक्या काठीला रीळ जुळतंय का, हे बघायची रीत सोपी. मुठीच्या जरा पुढे बोटाचा टेकू द्यायचा. काठी आडवी राहिली की जोडी जमली. मूठ खाली गेली तर रीळ जड, शेंडा खाली गेला तर रीळ हलकं. दुकानदाराने बोट हळूच इंचभर शेंड्याकडे सरकवलं होतं. मूठ बिचारी खाली गेली.

"मग उद्या पुढचं बघू," बाई म्हणाल्या. फारशा निराश दिसल्या नाहीत.

खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी पहिलंच रीळ चपखल बसलं होतं. त्या दिवशी बाई आत आल्या, दोऱ्यांच्या फळीकडे वळल्या, मग त्याच्याकडे बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "या काठीला रीळ हवंय." काठी काउंटरवर ठेवताना त्यांनी झोपलेलं मूल ठेवावं तशी ठेवली. तेवढ्यावर बावन्न वर्षांचा हा गृहस्थ कामातून गेला. पहिलं रीळ लावलं, काठी बोटावर शांत राहिली. आता या रीळ घेणार आणि जाणार! बोट आपोआप सरकलं. तीस वर्षांत कुणाला ग्रॅमभर न फसवलेला माणूस, पण त्या दिवशी सराईतासारखं खोटं बोलला. वर एक नियमही जागच्या जागी काढला. "दिवसाला एकच रीळ बघायचं असतं. दोन बघितली की हात गोंधळतो."

दुकानाच्या मागच्या भागात त्याची मोठी बहीण तराजूवर गळाच्या दोऱ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या तोलून पुड्या बांधत असे. तिच्या नजरेतून काय सुटतंय!

"बाळ्या, एकटीच आहे ती," तिने तिसऱ्या दिवशी जाहीर केलं. "मी विचारलं."

"तू विचारलंस?"

"मग काय तू विचारणार होतास? लग्नाचा विषय निघाला की तुला गळ मोजायचे आठवतात."

दुकानदार हवेत होता. सकाळी दोनदा दाढी करत होता. कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालत होता. कुणी डझनभर गळ मागितले की दोन डझन बांधून देत होता आणि वर आभारही मानत होता. पण दुकानात हलकी रिळं होती सहाच. शुक्रवारी सहावंही "जड" निघालं. रविवारी नदी मासेमारीला खुली होणार होती.

"उद्या काय दाखवणार तिला? वजनं की कुलूप?" बहीण म्हणाली. "खरं काय ते सांगून टाक. नाहीतर बस जन्मभर बोट सरकवत."

शनिवारी सकाळी त्याने पहिलं रीळ पुसून लख्ख केलं आणि खिशात घातलं. आरशासमोर चार वाक्यं पाठ केली. त्यातली दोन दुकानापर्यंत येतानाच विसरला.

दार उघडलं. कुरकुरलं नाही. बाईंच्या काखेत काठी होती, खांद्याला पिशवी. पण दुसऱ्या हातात लाकडी पेटी होती आणि गळ्यात ओळखपत्र.

"वजनमापे खातं," बाई म्हणाल्या. "वार्षिक तपासणी."

मागे शिशाच्या गोळ्या घरंगळत सगळ्या दुकानभर पांगल्या. दुकानदाराची पाचावर धारण बसली. वजनमापांच्या निरीक्षकबाईंसमोर सहा दिवस वजन खोटं सांगितलं होतं त्याने! आता परवाना जाणार, दुकान जाणार, आणि बाईही जाणार. त्याला तिसऱ्याचंच जास्त वाईट वाटलं.

बाईंनी पेटीतली पितळी वजनं एकेक करून पारड्यात ठेवली. वाकून बघितलं. शिक्का मारला.

"तराजू चोख आहे," त्या म्हणाल्या. "दुकानदार मात्र इंचभर खोटा आहे."

"इंचभर?"

"बोट सरकवता ना, तेवढा. टेकू हलला की वजन खोटं पडतं. हे ओळखायचाच पगार घेते मी. पहिल्याच दिवशी दिसलं मला."

त्याने खिशातून रीळ काढून काउंटरवर ठेवलं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "हेच बरोबर होतं. तुम्ही परत यावं म्हणून खोटं बोललो. काय शिक्षा असेल ती करा. पण तुम्हाला दिसलं होतं, तरी रोज आलात... पुरावा गोळा करायला?"

"शिक्षा अशी, की उद्या सकाळी सहाला नदीवर यायचं," बाई म्हणाल्या. "हे रीळ तुमच्या काठीला लावून."

"माझ्या? आणि तुमच्या काठीला?"

बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून पिशवीत टाकलं. मग पिशवीच्या तळातून एक जुनं रीळ बाहेर काढलं. त्याच्या दांड्याचा रंग बोटांनी पार घासून गेला होता. न बघताच त्यांनी ते काठीला बसवलं आणि काठी आपल्या बोटावर आडवी ठेवली. काठी जराही हलली नाही. बोटही नाही.

"माझ्या काठीला हे बारा वर्षांपासून आहे," त्या म्हणाल्या. आता कानापर्यंत लाल व्हायची पाळी त्यांची होती. "त्या दिवशी मी नुसता दोरा घ्यायला आले होते."