टीनाचा बायोडाटा

"शेवग्याचं झाड पडलं, एवढं लिव," तारामतीकाकू म्हणाल्या.

सन्मतीने कीबोर्डवरचे हात उचलले. "काकू, हा पोरीचा बायोडाटा हाये. शेवगा कुठं टाकू याच्यात? शिक्षणात का उंचीत?"

"कौटुंबिक माहितीत टाक. मागच्या अंगनातला म्हन. वादळानं पडला."

सन्मतीने टाकला. काकूंशी वाद घालून उपयोग नसतो, हे तो एव्हाना शिकला होता. गेल्या वर्षी कारंज्याहून शिरपुरात येऊन त्याने बसस्टँडसमोर कॉम्प्युटरचं दुकान थाटलं आणि समाजाच्या वधूवर वेबसाइटचं लोढणं त्याच्या गळ्यात पडलं. समाजाचं काम म्हटल्यावर नाही कोण म्हणणार! लोक माहिती घेऊन येत, तो बायोडाटा वर्डमध्ये टाइप करी आणि साइटवर चढवी. बाकीच्यांचं काम तिथे संपे. काकूंचं तिथे सुरू होई. जुनी फाइल उघडा, एक ओळ वाढवा, सेव्ह करा, साइटवरची जुनी काढा, नवी चढवा. काकूंच्या घरच्या दुकानाला नवं शटर लागलं, ओळ वाढली. काकूंच्या यजमानांच्या, कांतीलालकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ओळ वाढली. फोटो मात्र टीनाच्या कॉलेजातलाच होता. तो बदलू म्हटलं की काकूंना ऐकू येत नसे.

टीनाला सन्मतीने कधी पाहिलं नव्हतं. ती पुण्याला नोकरी करते, एवढं काकूंनी सांगितलं होतं. सणावाराला तरी येत का नाही, असं त्याने एकदा विचारलं.

"सुट्टी भेटत नाई तिले," काकू म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

गंमत म्हणजे साइटवर सगळ्यात जास्त उघडला जायचा तो टीनाचाच बायोडाटा. स्थळंही चांगली येत. मेडिकल दुकानवाला मुलगा काकूंनी बुटका म्हणून परतवला. रिसोडच्या इंजिनिअरचं घर म्हणे फार आत गल्लीत होतं. तिसऱ्याला तर कारणसुद्धा मिळालं नाही, नुसतं नको. पोरीच्या आईने एवढा तोरा मिरवू नये, असं सन्मतीचं स्पष्ट मत होतं. पोरगी घोडनवरी झाली तर बोल साइटला लागणार होता.

दिवाळीच्या तोंडावर समाजाच्या अध्यक्षांचा फोन आला. "कांतीलालच्या पोरीचा तो बायोडाटा काढून टाक तिथून."

"काहून?"

"काढ म्हटलं ना. बरं दिसत नाई." आणि ते मंदिराच्या रंगकामावर बोलायला लागले.

काकू पुन्हा आल्या तेव्हा सन्मतीने खाली मान घालून सांगून टाकलं. काकू मटकन स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"नको काढू रे बापा. तुह्या पाया पडते. एवढी एक गोष्ट राहू दे माह्यी."

"पन काकू, तुमाले एकही पोरगा पसंत नाई पडत. मंग ठेवून फायदा काय?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत राहिल्या. वडीलधाऱ्या बाईला रडवल्याची त्याला लाज वाटली. अध्यक्षांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती आणि काकूंना हो म्हणायचा अधिकार नव्हता.

"दिवाळीपर्यंत ठेवतो," तो कसाबसा म्हणाला. "नंतर माह्या हातात काई नाई."

दिवाळी झाली. काकू फिरकल्या नाहीत. अध्यक्षांचे मात्र दोन फोन येऊन गेले. शेवटी एका दुपारी सन्मतीने साइट उघडली. टीनाच्या नावावर तो येतो न येतो तोच दारात कांतीलालकाका दिसले. आजवर ते या दुकानाची पायरी चढले नव्हते. दाढी वाढलेली, अंगातला सदरा चुरगळलेला.

"टीनाचा कागद तुह्याकडंच हाये ना?"

"रागावू नका काका. आत्ताच काढून राह्यलो होतो."

"काढू नको!" काका ओरडले आणि टेबलाचा आधार घेऊन उभे राहिले.

सन्मतीने त्यांना बसवलं, पाणी दिलं. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"तिच्या मायले लकवा मारला," काका म्हणाले. "अकोल्याले भरती केलं. वाचा गेली. डॉक्टर काई सांगत नाईत. पडल्या पडल्या नुसती दाराकडं पाह्यते."

सन्मतीने माउस बाजूला सारला. "टीनाले कळवलं का?"

"तेच कराले आलो. लिव, आई अकोल्याच्या दवाखान्यात हाये."

"बायोडाट्यात? काका, असं वाचून स्थळ कोन घेऊन येईन?"

"स्थळ कायचं?" काका म्हणाले. "लग्न होऊन सहा वर्षं झाले तिचं. जातीबाहेर केलं, म्हून म्या तिचा नंबर खोडला. तिच्या मायले मंदिरात उभं करून नेम घ्याले लावला, पोरीशी बोलाचं नाई, चिठ्ठी धाडाची नाई. तिनं नेम मोडला नाई. ती इथं कोनासाठी लिवाले येते, मले पह्यल्यापासून मालूम होतं. दवाखान्याचं नाव वरच लिव, मोठ्या अक्षरात. अन् त्याच्या खाली लिव, बापानं बलावलं."