परसातलं सूर्यफूल

मुलांनी मोबाइल सोडून मातीत हात घालावेत म्हणून बाबांनी परसात दोघांकडून सूर्यफुलाची एक बी पेरून घेतली. रोज सकाळी तिघं मिळून पाणी घालत. दहा दिवस झाले तरी कोंब काही दिसेना. मुलं हिरमुसतील म्हणून अकराव्या दिवशी बाबांनी नर्सरीतलं रोप गुपचूप तिथे लावलं आणि साळसूदपणे हाक मारली, "अरे, उठा! आपली बी उगवली!"

दोघांनी उड्या मारल्या, टाळ्या पिटल्या. बाबा हरखून झारी आणायला गेले.

तशी ताईने धाकट्याचा कान धरला. "बी तू पहिल्याच दिवशी उकरून खाल्लीस, हे बोललास तर याद राख! कधी नव्हे ते बाबा मोबाइल घरात ठेवून बाहेर येतायत."