पाणकावळ्याला घार

“ती बघा घार,” मृणालिनीताई म्हणाल्या.

तळ्याच्या मधोमध खांबावर पाणकावळा बसला होता, ओले पंख पसरून. चाकांच्या खुर्चीतल्या वसंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मागे पक्षी बघायला आलेली मुलं उभी होती. त्यांतली चुणचुणीत मनवा पुढे झाली. तिने आजींना समजावलं, की घार पाण्यात बुडी मारून असे पंख वाळवत बसत नाही, आणि याची चोच बघा, मान बघा. आजींनी सगळं ऐकून घेतलं. “असेल बाई,” म्हणाल्या, आणि पुन्हा नवऱ्याकडे वळल्या. “अहो, घारच ना ती?”

वसंतरावांना बोलता येत नव्हतं. गेल्या दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ऐकू येत होतं, कळतही सगळं होतं. शब्द तेवढा बाहेर पडत नव्हता. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येत आणि चित्रांचे पत्ते समोर धरून ‘म्हणा घर, म्हणा पाणी’ असं सांगत. विमा कंपनीत उभी हयात काढलेला हा माणूस त्या पत्त्यांकडे बघायचासुद्धा नाही. शेवटी बाईंनी त्यांच्या मुलाला, राजसला, बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार आशा धरू नका. ते प्रयत्नच करत नाहीत.

मृणालिनीताईंनी बाईंना चहा दिला, निरोप दिला आणि दुसऱ्या सकाळी खुर्ची बाहेर काढली. फणसवाडीतली त्यांची इमारत नव्याने बांधायला घेतल्यापासून घरचे सगळे भोईवाड्यात भाड्याच्या जागेत राहत होते. बागेतलं तळं तिथून हाकेच्या अंतरावर. वसंतरावांचे सगळे रविवार अशाच तळ्यांकाठी दुर्बीण घेऊन गेले होते. मृणालिनीताई तेव्हा मागे बाकावर बसून शाळेतल्या दुसरीच्या मुलांच्या वह्या तपासत असत. पक्ष्यांतलं त्यांना काही कळत नाही, हे सगळेच धरून चालले होते.

रोज सकाळी त्या खुर्ची ढकलत येत आणि रोज चुकत. झाडात डुलक्या घेणाऱ्या रातबगळ्याला त्यांनी कबूतर म्हटलं. धोबी पक्षी शेपटी हलवत काठावरून पळाला, तर त्याला चिमणी म्हणाल्या. पाणकोंबडीला नुसती कोंबडी म्हटल्यावर तर मुलं हसून लोळायची बाकी राहिली. आजी, मग रात्री रस्सा काय, असं एकाने विचारलं. आजीही हसल्या. मुलांना घेऊन येणारा सौमित्र हा वसंतरावांच्याच हाताखाली पक्षी ओळखायला शिकलेला. त्याला वाईट वाटलं. त्याने चित्रांचं एक पुस्तक आणून दिलं. मृणालिनीताईंनी ते उशीसारखं नवऱ्याच्या पाठीशी लावलं.

मनवा मात्र हार मानत नव्हती. आजींच्या तोंडून चुकीचं नाव निघालं रे निघालं, की ती बरोबर नाव सांगायची. एक दिवस ती वैतागली.

“आजी, तुम्ही तर शाळेत शिकवायच्या ना? मग एवढं कसं लक्षात राहत नाही?”

“तू सांगू नकोस,” मृणालिनीताई एकदम करड्या आवाजात म्हणाल्या. “कुणीच सांगायचं नाही.”

मनवाचा चेहरा उतरला. त्यानंतर कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही. हसणंही थांबलं. आजींचं काहीतरी बिनसलंय, हे मुलांनाही उमजलं. त्या चुकीचं नाव घेत, नवऱ्याला विचारत आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहत.

सौमित्रने राजसच्या कानावर घातलं. राजस त्या संध्याकाळी आईजवळ येऊन बसला. वय झालं की असं होतं, लवकर कळलं तर उपाय असतात, आपण एकदा डॉक्टरांना दाखवू, असं त्याने जपून, शब्द निवडून सांगितलं. समोरच्या खुर्चीत वसंतराव ऐकत होते.

“दाखवू की,” मृणालिनीताई म्हणाल्या. “फक्त सकाळची वेळ घेऊ नकोस. सकाळी आम्ही तळ्यावर असतो.”

रविवारी राजस स्वतः त्यांच्याबरोबर आला. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर खंड्या बसला होता. निळी पाठ, पांढरा गळा, लालभडक चोच. एकदा पाहिला की पोरही त्याला विसरत नाही.

“अहो, पोपट,” मृणालिनीताई म्हणाल्या.

मनवाने ओठ घट्ट मिटून घेतले. सौमित्र जमिनीकडे बघू लागला. राजसने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, की उद्याच जाऊ या. त्यांनी तो हात झटकला नाही आणि त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्या नवऱ्यासमोर वाकल्या.

“पोपटच ना, अहो?”

वसंतरावांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. पुन्हा आपटला. खंड्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते मुलाकडे बघत होते. मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ एका बाजूला ओढले गेले, हनुवटीवरून लाळ ओघळली. एरवी मृणालिनीताईंचा पदर लगेच पुढे व्हायचा. आज त्या जागच्या हलल्या नाहीत.

“वे... वेडी नाही,” वसंतराव राजसला म्हणाले. “मुद्दाम... मुद्दाम चुकते.”